कच्चा मजला आईचा

माझ्या आईनं आयुष्यात सहा वेळा घर बदललं, आणि त्यातल्या चार वेळा तर एकाच जिन्यात. खोटं वाटतंय ना? इजिप्तमधल्या महल्ला शहरात आमच्या गल्लीत या आणि उम्म राफतचं घर विचारा. लहान पोरसुद्धा बोट आभाळाकडे करील. उम्म राफत म्हणजे राफतची आई. तिचं स्वतःचं नाव इन्शिराह आहे, पण ते फक्त रेशनकार्डावर. इन्शिराह म्हणजे छाती मोकळी होणं, जीव हलका होणं. नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक, की या बाईच्या छातीवर पुढे चार मजले चढणार आहेत.

मी नवाल, तिची एकुलती एक मुलगी. राफत आणि इसाम माझ्याहून मोठे, वगीह धाकटा. हे सगळं मी रागानं सांगतेय, ते आधीच सांगून टाकते. राग गिळून गोड गोड बोलणं मला जमत नाही. आमच्या घरात ते काम आईनं केलं, आणि त्याचं फळ काय मिळालं ते ऐका.

अठराव्या वर्षी लग्न झालं म्हणून आई गाव सोडून इथे आली. बाबा कापडगिरणीत कामाला. भाड्याची एक खोली, तिच्यात सासू, दोन नणंदा, आणि नवराबायकोच्या आणि त्यांच्या मधे एक चादर. बत्तिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा घर बदललं, कारण आम्ही चौघं झालो होतो आणि चादर पुरेना. बाबा चार वर्षं इराकमध्ये राबून आले, गल्लीच्या तोंडाशी जमिनीचा तुकडा घेतला आणि त्यावर तळमजला उभा केला. विटा आईनं डोक्यावरून वाहिल्या. मी पाच वर्षांची असेन. तिचे केस धुताना न्हाणीत लाल पाणी वाहायचं, ते मला अजून दिसतं. पण काय खुशीत असायची ती तेव्हा! भिंतीला टेकून जेवायची आणि म्हणायची, 'ही भिंत माझी आहे, हिला कितीही टेका.'

बाबांनी छतावर लोखंडी सळया तशाच उभ्या सोडल्या. आमच्याकडे सगळ्यांच्याच घरावर असतात. मुलगा मोठा झाला की त्या सळयांवर त्याचा मजला चढवायचा. एक मुलगा, एक मजला. मुलीसाठी सळई कुणी सोडत नाही. मुलीनं नवऱ्याच्या सळयांखाली जायचं.

तर राफतचं लग्न ठरलं. मुलीकडचे म्हणाले, घर तयार पाहिजे. गिलावा, फरशी, न्हाणीला टाईल्स, सगळं. आता वरचा मजला होता नुसता लाल विटांचा, खिडकीला चौकटसुद्धा नाही. तो तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागलं असतं, आणि मुलीकडच्यांना कुठला दम! मग तोड निघाली. नव्या जोडप्याला खालचा तयार मजला द्यायचा आणि आईबाबांनी वर कच्च्यात जायचं.

'आमचं काय, आम्ही म्हातारी माणसं,' आई म्हणाली. सेहेचाळीस वर्षांची होती हो!

पहिला हिवाळा खिडक्यांना प्लास्टिक ठोकून काढला. मोटरचं पाणी वर चढेना, म्हणून बादल्या चढवल्या. सिमेंटची धूळ भाकरीबरोबर खाल्ली. हळूहळू गिलावा झाला, फरशी आली, भिंतींना फिकट हिरवा रंग आला, बाल्कनीत पुदिन्याचे डबे लागले. मजला जरा माणसांत आला, तर इसाम गुडघ्याला बाशिंग बांधून दारात उभा. 'यम्मा, मुलीकडच्यांना हा मजला फार आवडला.' झालं! इसाम पहिल्या मजल्यावर, आई दुसऱ्या मजल्यावर, पुन्हा लाल विटांत. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची. आणि साठाव्या वर्षी वगीहसाठी दुसराही सोडून तिसऱ्यावर. प्रत्येक मजला तिनं कच्चा घेतला, पक्का केला आणि देऊन टाकला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे तीन नागोबा पोसले आमच्या आईनं, आणि वर त्यांना दूध पाजलं.

आमच्या गल्लीत भाजीवाला आला की बायका बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. मजला बदलला की आईची दोरी अपुरी पडायची, मग ती जुन्या दोरीला नवा तुकडा जोडायची. तिसऱ्या मजल्यावर गेली तेव्हा दोरीला दोन गाठी होत्या. भाजीवाला खालून ओरडायचा, 'उम्म राफत, अजून किती वर? टोमॅटो आता अल्लाच्या दारात पोचवू का?' ती हसायची. मला नाही हसू यायचं.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी तेहतीस वर्षांची असताना माझ्या नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि मला म्हणाला, राहायचं तर दोघी एका घरात राहा. मी माझ्या सहा वर्षांच्या रनीमचा हात धरला, एक पिशवी उचलली आणि आईच्या दारात येऊन उभी राहिले. तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर होती. वगीहचं लग्न महिन्यावर आलेलं, तिचं सामान बांधायचं चाललेलं. मी म्हटलं, 'यम्मा, मला एक खोली दे. वरची विटांची दे. मी प्लास्टिक लावून राहीन.'

आईनं खाली बघितलं. म्हणाली, 'हा मजला वगीहचा. वर मी आणि तुझे बाबा. तुला जागा कुठून आणू, नवाल? परत जा. बाई नवऱ्याच्या घरीच शोभते.'

रनीमनं मला जिन्यात विचारलं, 'आजीकडे खूप खोल्या आहेत ना?' मी तिला काय सांगणार! नवऱ्याकडे मी परत गेले नाही. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर एक अंधारी खोली भाड्यानं घेतली, शिवणाच्या कारखान्यात लागले, लोकांच्या सदऱ्यांच्या कॉलर शिवून पोरगी वाढवली. आज ती कॉलेजात आहे. आईकडे मी दर शुक्रवारी जायचे. महशीसाठी, म्हणजे भरल्या भाज्यांसाठी, भात भरून द्यायचे, तिचे पाय चेपायचे. पण त्या दिवसाबद्दल दोघींनी कधी चकार शब्द काढला नाही.

आणि ज्याच्यासाठी मला जिना उतरायला लावलं तो वगीह? लग्नाला वर्ष होत नाही तोच बायकोला घेऊन कुवेतला. दुसऱ्या मजल्याला कुलूप. वर्षातून तीन आठवडे उन्हाळ्यात येतात, उरलेलं वर्षभर तिथे राहतं कोण? सोफे राहतात, प्लास्टिक घालून. झुंबर राहतं, कापडात गुंडाळून. आणि नीश राहतं. नीश म्हणजे नवरीच्या माहेरून आलेलं काचेचं कपाट. त्याच्यात सोनेरी काठाच्या कपबशा, काचेचे पेले, सूपाची भांडी. ती वापरायची नसतात. बघायची असतात. आमच्याकडे बाई मरते पण नीशमधला कप ओला होत नाही. आणि या कपबशांना हवा द्यायला, त्यांच्याभोवती डांबराच्या गोळ्या ठेवायला दर पंधरा दिवसांनी कोण जायचं? आई. तिसऱ्यावरून एक मजला उतरायची, झाडून-पुसून पुन्हा चढायची. किल्ली तिच्याच गळ्यात असायची.

पाच वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली नेताना वळणावर चौघांच्या नाकी नऊ आले. आई वरूनच बघत राहिली, कारण तेव्हाच तिचे गुडघे गेले होते. मग हळूहळू रस्त्यापर्यंत उतरणंच बंद झालं; कठडा धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत नाहीतर गच्चीवर, तेवढीच तिची ये-जा. दोन वर्षं तिनं रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. शेजारीण मेली, तिच्या दारात जाता आलं नाही. मी किती वेळा म्हटलं, 'माझ्याकडे चल. तळमजला आहे, दारात खुर्ची टाकून बस.' तिचं एकच, 'तीन मुलगे असताना लेकीच्या दारात? लोक माझ्या पोरांच्या तोंडावर थुंकतील.' थुंकू देत की! पण नाही.

मागच्या वर्षी राफतच्या मुलाचं, हिशामचं लग्न ठरलं. शुक्रवारी सगळे आईकडे जेवायला जमले. मुलुखियाची पातळ पालेभाजी होती, बदक होतं. म्हणजे मी समजले, काहीतरी शिजतंय. राफतची बायको करीमा स्वतः बदक घेऊन तीन मजले चढते म्हणजे ते बदक फुकटचं नसतं.

जेवण झाल्यावर राफतनं सुरुवात केली. 'यम्मा, हिशाम तुझा लाडका. खरं ना?'

'माझ्या डोळ्यातलं बुबुळ आहे.'

'तेच म्हणतोय मी. दुधापेक्षा साय गोड. आता मुलीकडचे घर मागतायत. खाली पुढच्या खोलीत माझं मोबाईलचं दुकान, मागे आम्ही पाच माणसं. इसामकडे तीन पोरं. तर म्हटलं, तिसरा मजला हिशामला द्यावा...'

'आणि मी?' आईनं विचारलं.

इसामला जणू पाठच होतं. 'गच्चीवर खोली आहे ना! मी रंग देऊन घेतो. नवा पंखा लावतो. हवा काय छान तिथे! आणि तुझी बदकं तिथेच आहेत. तुला त्यांना दाणे घालायला चढावं लागतं, ते वाचेल.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बदकांसाठी म्हणे! गच्चीवरची ती खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर. उन्हाळ्यात तिच्यात भाकर भाजून निघेल, आणि संडास गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. एकदा वर गेली की ही बाई खाली येणार ती चौघांच्या खांद्यावर. सगळ्यांना हे माहीत होतं, आणि सगळे कलिंगड खात होते.

'लाज नाही वाटत?' मी म्हटलं. 'एकाहत्तर वर्षांची बाई आहे ती. बदकांत ठेवताय तिला?'

'तू मधे पडू नकोस,' राफत म्हणाला. 'हा मुलांचा प्रश्न आहे.'

'हो का? मग मुलांनो, दुसरा मजला रिकामा आहे. तिथे ठेवा आईला. एक मजला तरी खाली येईल.'

राफतनं इसामकडे बघितलं, इसामनं कलिंगडाकडे. मग करीमा हळूच म्हणाली, 'तिथे नीश आहे, नवाल.'

नीश आहे! मी हसावं की डोकं आपटावं? मी म्हटलं, 'मग नीश गच्चीवर ठेवा. हवा छान आहे!'

राफतनं कुवेतला फोन लावला. वगीह म्हणाला, त्याची काही हरकत नव्हती हो, पण बायकोचं सगळं सामान तिथे, मुलं सुट्टीत येणार, आणि यम्माला तरी त्या सामानात मोकळं कसं वाटेल? 'तुलाच अडचण होईल, यम्मा,' म्हणाला. तिच्या भल्यासाठी बोलत होता, मेला.

आईनं कलिंगडाच्या बिया ताटाच्या कडेला गोळा केल्या. विचारलं, 'गच्चीवर मोटरचं पाणी चढतं का?'

'चढेल, चढेल,' इसाम म्हणाला.

बस्स. एवढंच बोलली. मला वाटलं, तिच्या तोंडावर ओरडावं. आयुष्यभर हेच केलंस, पाणी चढतं का विचारलंस आणि चढत राहिलीस! आमच्या गल्लीत सगळेच घर बदलतात. विशीतला लग्नासाठी, तिशीतला पोरांसाठी, चाळिशीतला शेजाऱ्याशी भांडून. म्हातारं माणूस मात्र घर बदलत नाही, त्याला उचलून दुसरीकडे ठेवतात. आणि आमची आई स्वतःच आपल्याला उचलून द्यायची, म्हणजे ठेवणाऱ्याला पापही लागू नये.

पुढचे पंधरा दिवस मी तिच्याकडे गेलेच नाही. शुक्रवार आले नि गेले. रनीम म्हणाली, 'आई, ती आजी आहे.' मी म्हटलं, 'असू दे.' खरं सांगू? मला राग भावांचा कमी आणि तिचा जास्त आला होता.

मग सामानाचा दिवस आला. आमच्याकडे लग्नाआधी नवरीचं सामान वाजतगाजत येतं. पलंग, कपाटं, गाद्या, फ्रिज, सगळं उघड्या ट्रकवर लादून, हॉर्न वाजवत, बायका ट्रकवर उभ्या राहून जिभेनं लुलुलु करत. सगळी गल्ली मोजायला बाहेर. त्याआधी तिसरा मजला रिकामा हवा होता, म्हणून सकाळी सकाळी उस्ता गाबिर आणि त्याची तीन माणसं आईचं सामान गच्चीवर चढवायला आली. उस्ता गाबिर म्हणजे आमच्या भागात घर हलवायचं तर याच माणसाला बोलावतात. आईचे मागचे तीनही मजले त्यानंच चढवले होते.

मीही गेले. म्हटलं, निदान तिचा पलंग तरी नीट लावून देऊ.

गेले तर आई दरवाज्यात काळा झगा घालून, काठी धरून उभी. उस्तानं तिच्या पलंगाच्या फळ्या उचलल्या आणि वरच्या जिन्याकडे वळला.

'कुठे निघालास?' आईनं विचारलं.

'वर, उम्म राफत. गच्चीवर ना?'

'खाली.'

'खाली कुठे? मला राफतभाईंनी वर सांगितलंय.'

'तीन वेळा तुला मी सांगितलं वर. आज मीच सांगतेय खाली. तू राफतचं ऐकणार की माझं?'

उस्तानं माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत! मी नुसती खांदे उडवून उभी. आई कठडा धरून बसली आणि एकेक पायरी बसत बसत खाली सरकायला लागली. मी धरायला गेले तर म्हणाली, 'सामानाकडे बघ.' एक मजला उतरायला तिला पाव तास लागला. दुसऱ्या मजल्याच्या दारात उभी राहिली, गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

'इथे आण,' ती उस्ताला म्हणाली. 'आधी तो झाकपाक केलेला सोफा भिंतीला सरकव. झुंबराला धक्का लागला तर लागू दे.'

आता बघा योग कसा! त्याच वेळी खाली हॉर्न. नवरीचे ट्रक आले. ढोल, लुलुलु, सगळी गल्ली गोळा. खालून नवरीचं तीन पल्ल्यांचं कपाट जिना चढतंय आणि वरून आईची गादी, ट्रंक, स्टोव्ह, पुदिन्याचे डबे उतरतायत. वळणावर दोन्ही अडकलं. नवरीची आई खालून ओरडतेय, 'अहो, आरसा आहे त्याला! आधी आमचं जाऊ द्या!' उस्ताचा माणूस वरून, 'बाई, आधी गादी जाऊ द्या, मग आरसा बघा!'

राफत दोन दोन पायऱ्या चढत आला. दुसऱ्या मजल्याचं उघडं दार बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. 'यम्मा! हे काय? ये, चल वर. पाहुणे खाली उभे आहेत. अब्रू जाईल माझी.'

'अब्रू तुझ्या कपाटात ठेव. मी इथे राहणार.'

'वगीहचं घर आहे हे!'

'वगीहचं?' आई सोफ्यावर बसली होती, प्लास्टिक करकर वाजलं. तिनं वाकून ते प्लास्टिक धरलं आणि टरकन फाडलं. 'या फरश्या मी गुडघ्यावर बसून घासल्या, सिमेंट निघेपर्यंत. त्यात माझे दोन्ही गुडघे मी वगीहला दिलेत. एक खोली तो मला देईल.'

इसाम आला, करीमा आली. दारात गर्दी. कुणी म्हणे उन्हामुळे तिचं डोकं फिरलं, कुणी म्हणे नवालनं शिकवलं. मी म्हटलं, 'मी शिकवलं असतं तर तळमजलाच घ्यायला लावला असता!'

आईनं माझ्याकडे बघितलं. 'नवाल, या माणसांना चहा कर. घामानं भिजलीत बिचारी.'

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस होता, किटली आमच्या सामानातली मिळाली, साखरही. कप नव्हते. बाहेर येऊन म्हटलं, 'कप वर राहिलेत.'

'नीश उघड,' आई म्हणाली.

खरं सांगते, एवढी जळफळणारी मी, पण माझा हात गेला नाही. नीश उघडायचं? दुसऱ्या बाईचं? करीमानं तोंडावर हात ठेवला. राफत म्हणाला, 'यम्मा, अल्लाची शपथ आहे तुला.' आई उठली, काठी टेकत गेली, काचेचं दार सरकवलं आणि सोनेरी काठाचे सहा कप काढले. फुंकर मारून धूळ उडवली. मी चहा ओतला, पण उस्ता गाबिरनं कप दोन्ही हातांत धरला, पिईना. चाळीस वर्षं लोकांचे पलंग उचलणारा माणूस, तो कप कुठे ठेवता येईल ते शोधत होता. 'पी रे,' आई म्हणाली, 'कपच आहे.'

कुणीतरी तेवढ्यात कुवेतला व्हिडिओ कॉल लावला. राफतनं फोन आईच्या तोंडासमोर धरला. आधी बायकोचाच आवाज आला, 'माझे कप! हमालाच्या हातात माझे कप!' मग वगीह. 'यम्मा, हे काय चाललंय? माझ्या घरात कुणाला विचारून शिरलीस?'

आईनं फोन हातात घेतला. तिला तो धरता येत नाही, त्यामुळे वगीहला तिचं अर्धं कपाळच दिसत असणार.

'वगीह, ऐक,' ती म्हणाली. 'अकरा वर्षांपूर्वी तुझी बहीण या दारात पोर घेऊन उभी राहिली होती. एक खोली मागत होती. मी तिला परत जा म्हटलं. माझ्या पोटच्या पोरीला मी जिना उतरायला लावला, कारण हा मजला तुझा होता.'

'यम्मा, आता ते जुनं कशाला...'

'तू राहिला असतास, तुझी पोरं इथे रांगली असती, तर मी मनाला समजावलं असतं की माझ्या पोराला घर लागत होतं. पण तू राहिला नाहीस. मी माझ्या पोरीला हाकललं, ते कपबशांसाठी. दर पंधरा दिवसांनी मी इथे येऊन त्यांच्यावरची धूळ पुसलीय, वगीह. दर वेळी मला तेच दिसलं. आता मी वर जाणार नाही.'

 जिन्यात नवरीची आई अजून आरशासाठी ओरडत होती.

'मग आम्ही सुट्टीत यायचं कुठे?' वगीहनं विचारलं. अगदी बारीक आवाज झाला होता त्याचा.

'आईकडे या,' ती म्हणाली. 'मी इथेच आहे.' आणि फोन राफतच्या हातात दिला.

राफत फोन खिशात टाकून खाली गेला. गादी आत आली, आणि कपाट वर गेलं, आरशासकट. उस्तानं आईचा पलंग पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीपाशी लावला. माणसं चहा पिऊन गेली. इसाम गेला, करीमा गेली. उरलो आम्ही दोघी आणि ते फाटलेलं प्लास्टिक.

मी कप विसळायला उचलले, तेव्हा आई म्हणाली, 'मागे एक खोली आहे, नवाल. तुझी आणि रनीमची. मोठी आहे. आजच ये.'

अकरा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते हेच होतं. किती वेळा मनात मी त्याला हो म्हटलं होतं! पण तोंडातून दुसरंच आलं.

'मला आता खोली नको, यम्मा. मला ती तेव्हा हवी होती.'

'माहीत आहे,' आई म्हणाली, आणि पलंगाच्या काठावर बसून रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मीही रडले. पण माझा राग गेला नाही, तो अजून गेलेला नाही, आणि हे मी तिला त्याच वेळी तिथे बसल्या बसल्या सांगितलं. ती म्हणाली, 'असू दे तो. पण सांगायला इथे येत जा.'